मुद्देमाल क्रमांक पाच ते नऊ

१९ जानेवारी २०२५, रविवार. दुपारी सव्वातीनला फोन आला तेव्हा मी मागच्या अंगणात खुराड्यातली राख बदलत होते. फोन जिल्ह्यातल्या एका प्राणिमित्र संस्थेतल्या मुलाचा. "ताई, झुंजीवर धाड पडलीय. पाच कोंबडे जप्त झालेत. गोशाळावाले म्हणतात आमच्याकडं फक्त गुरांची सोय. दोन दिवस ठेवाल का?"

मी हो म्हटलं. त्या दोन दिवसांचे पाच महिने झाले.

माझ्याकडं सहा वर्षांपासून कोंबड्या आहेत. आठ देशी, एक गिरिराज. अंडी घरात खपतात, उरली तर गल्लीत देते. त्यामुळं कोंबडी मला कळते असं वाटत होतं. पण झुंजीतून आलेला, जखमी, शिवाय कोर्टाच्या ताब्यातला कोंबडा म्हणजे काय, हे त्या रात्री शोधायला बसले तर पोल्ट्रीच्या नफ्यातोट्याची माहिती ढीगभर सापडली आणि याबद्दल एक ओळ नाही. म्हणून जे जसं घडलं ते तारखांसकट लिहिते आहे.

पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात ते पाच जण दुचाकीच्या चाकांना सुतळीनं बांधलेले होते. उंच, लांब मानेचे, जाड पायांचे, असील जातीचे. एकाचा डावा डोळा मिटलेला. दुसऱ्याच्या मांडीवर पिसं रक्तानं चिकटून कडक झालेली. सगळ्यांच्या पायांवर सुतळीचा वळ होता, म्हणजे ही बांधणी त्या दिवसाची नव्हती. मागून सासूबाई आल्या होत्या. त्यांनी कोणाला काही विचारलं नाही, हवालदारांकडून तांब्या घेतला आणि मला म्हणाल्या, "आधी पानी दे त्यासले. तान लागेल शे." पाचही जण पाण्यावर तुटून पडले.

पंचनाम्यात क्रमांक एकवर रोख रक्कम, दोनवर मोबाइल, तीनवर दुचाकी, चारवर पायाला बांधायच्या लोखंडी काती. पाच ते नऊवर कोंबडे. मी त्यांना नावं दिली नाहीत. परत जाणार आहेत, जीव लावायचा नाही असं ठरवलं होतं. मग क्रमांकच त्यांची नावं झाले.

हवालदार चांगले होते. म्हणाले, घेऊन जा ताई, कागद उद्या करू. मी निघालेही असते. संस्थेच्या मुलानं थांबवलं, आणि त्याचे उपकार मी विसरणार नाही. कोंबडा ताब्यात घ्यायचा तर ताबा पावती आधी. पावतीवर प्रत्येकाचा रंग, अंदाजे वजन, कुठली जखम किती, हे सगळं लिहून घ्या. उद्या एखादा दगावला तर "दिला तेव्हा धडधाकट होता" असं कोणी म्हणू नये. प्रत्येकाचा समोरून, दोन्ही बाजूंनी आणि जखमेचा फोटो काढा. आम्हाला त्यात तास गेला. त्यानंतर पोलिसांनी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या नावे तपासणीची यादी, म्हणजे तपासून दाखला द्या असं पत्र, दिलं. ती यादी हातात असली की दवाखान्यात नुसती मलमपट्टी होत नाही, लेखी प्रमाणपत्र मिळतं, आणि पुढं कोर्टात तेच उभं राहतं.

डॉक्टर साहेब रविवार असूनही संध्याकाळी सहाला आले. सलाईननं जखमा धुतल्या, पोव्हिडोन आयोडीन लावलं, सातच्या मांडीला चार टाके घातले. प्रतिजैविक आणि दुखण्यावरचं औषध वजनावर मोजून दिलं. वजन कसं केलं ते सांगते, कारण घरी दर आठवड्याला लागतं: कोंबडा कापडी पिशवीत घालायचा, डोकं बाहेर, आणि पिशवी काट्याला अडकवायची. अंधार वाटला की तो शांत राहतो. आमच्याकडं जखमेवर रॉकेल किंवा डिझेल ओतायची सवय आहे. डॉक्टरांनी ते करू नका म्हणून बजावलं. कातडी भाजते आणि जखम आतून चिघळते.

सहाची जखम पोटाजवळ होती. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं, आशा ठेवा पण तयारीही ठेवा. गुरुवारी, २३ तारखेला पहाटे तो गेला. रात्री मी त्याला ड्रॉपरनं पाणी पाजलं होतं आणि त्यानं ते घेतलं होतं. सकाळी डालगं उचललं तर मान जमिनीला टेकलेली.

मला त्याला लगेच मूठमाती द्यायची होती. तसं करता येत नाही. जप्तीतला प्राणी मेला तर आधी पोलिसांना कळवायचं, मग शवविच्छेदन, मग पुन्हा पंचनामा, आणि त्यानंतर विल्हेवाट. सकाळी सातला फोन केला, कागद पुरे व्हायला दुपारचे तीन वाजले. तेवढा वेळ त्याला ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवला. परसात तीन फूट खड्डा घेतला, वरून चुना टाकला. जिभाऊंनी, म्हणजे शेजारच्या आप्पांच्या थोरल्या भावानं, न सांगता येऊन खड्डा खणला.

त्या आठवड्यात गल्ली घाबरलेली होती. जानेवारीतच उदगीरला कावळे मेले होते आणि बर्ड फ्लू निघाला होता. खानदेशात या शब्दाला वजन आहे. देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये आमच्याच नवापूरला सापडला. २०२१ मध्ये पुन्हा नवापूरच. दारातल्या चार कोंबड्यासुद्धा मारायला नेल्या होत्या हे लोक विसरलेले नाहीत. समोरच्या आक्का थेट म्हणाल्या, तुझ्या कोंबड्यापायी आमच्या जातील. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. डॉक्टरांनी शवविच्छेदनाचा कागद दाखवून सांगितलं की मृत्यू जखमेनं झाला. आणि भीती कधी धरायची तेही समजावलं: एकाच दिवशी अनेक पक्षी पटापट मरू लागले, तुरा निळा-जांभळा पडला, डोकं सुजलं, तर हात न लावता दवाखान्यात कळवायचं. १९६२ हा पशुसंवर्धनाचा टोल फ्री क्रमांक आक्कांनी दाराच्या चौकटीवर खडूनं लिहून ठेवला. अजून आहे.

बाहेरून आलेला पक्षी तीस दिवस वेगळा ठेवायचा हा नियम मी अक्षरशः पाळला. जुना शेळ्यांचा गोठा खुराड्यापासून चाळीस पावलांवर आहे. तिथं वेगळ्या चपला, वेगळी भांडी, वेगळा झाडू. रोज आधी माझ्या कोंबड्यांचं करायचं, मग गोठ्यात जायचं, उलटं कधीच नाही. गोठ्यात बांबू आणि जाळीचे चार कप्पे केले, प्रत्येक तीन फूट बाय चार फूट. जाळी अर्ध्या इंचाची घ्या, मोठ्या भोकातून मुंगूस पिल्लाचा पाय ओढतं आणि साप सरळ आत येतो. जाळी, बांबू, तार, कड्या मिळून २,३४० रुपये झाले. कप्प्यांमध्ये गोणपाट लावलं, कारण एकमेकांना पाहिलं की ते जाळीवर छाती आपटून घेत.

पहिला महिना सगळा कागदांचा. संस्थेच्या वतीनं वकिलांनी २७ जानेवारीला तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर अंतरिम ताब्याचा अर्ज दिला. मला वाटलं अर्ज दिला की सही होते. ३ फेब्रुवारीला पोलिसांचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, मागवला. १० तारखेला 'से' आला नाही. १७ तारखेला आला, आणि त्याच दिवशी एक माणूस दोन कोंबडे आपले असल्याचं सांगत उभा राहिला. शेतातून चोरीला गेले होते म्हणाला. मी घाबरले. सातच्या मांडीवरचे टाके त्या आठवड्यातच काढले होते.

आमच्या वकिलांनी जे मांडलं ते मी वहीत उतरवून घेतलं. प्राण्यांची झुंज लावणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. आपल्या राज्याच्या १८८७ च्या जुगार कायद्यातही पक्ष्यांची झुंज आहे. सर्वोच्च न्यायालयानं ७ मे २०१४ च्या निकालात प्राण्यांना झुंजवण्याविरुद्ध स्पष्ट सांगितलं आहे. आणि मुद्देमाल म्हणून जप्त झालेल्या प्राण्यांसाठी २०१७ चे स्वतंत्र नियम आहेत. खटला चालू असताना प्राणी पांजरपोळ, गोशाळा किंवा प्राणी कल्याण संस्थेकडं ठेवावा असं त्यांत आहे. मोबाइल आणि दुचाकी कपाटात, आवारात पडून राहिल्या तरी चालतं. कोंबड्याला रोज पाणी लागतं. हे वाक्य वकिलांनी कोर्टात म्हटलं, तेव्हा मला रडू आलं.

२४ फेब्रुवारीला आदेश झाला. ताबा संस्थेला, प्रत्यक्ष सांभाळ माझ्याकडं. अटी अशा: विकायचे नाहीत, कापायचे नाहीत, कोणाला द्यायचे नाहीत, बोलावल्यावर हजर करायचे, आणि दर महिन्याला फोटोसह अहवाल द्यायचा. दहा हजारांचं बंधपत्र आणि सुपूर्तनामा, म्हणजे सांभाळायला घेतल्याची लेखी हमी. वकिलांनी पाचशेचा मुद्रांक आणायला सांगितला, फी घेतली नाही. टायपिंग, झेरॉक्स, पाच वेळचं एसटीचं भाडं मिळून १,१८० रुपये माझे गेले. प्रत्येक पावती जपा. सांभाळाचा खर्च आरोपीकडून वसूल होण्याची तरतूद नियमांत आहे. मला अजून काही मिळालेलं नाही, पण फाइल तयार आहे. आणि कुठंही कागद दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोहोच घ्या. एकदा मी घेतली नाही आणि तोच अहवाल मला परत लिहावा लागला.

जखमा भरल्या, विलगीकरण संपलं, मग लसीकरण. मानमोडीनं, म्हणजे राणीखेतनं, गावंच्या गावं कोंबड्यांची रिकामी होतात हे मी माहेरी पाहिलंय. मान पिरगळते, हिरवी हगवण लागते, आणि मग औषध नसतं. डॉक्टर म्हणाले, यांना आधी लस झाली की नाही माहीत नाही, म्हणून पहिल्यांदा सौम्य लासोटा लशीचा डोळ्यात थेंब, आणि तीन आठवड्यांनी जोरदार आर-टू-बी टोचायची. जोरदार लस थेट दिली तर पक्षी आजारी पडू शकतो.

अडचण एकच. लासोटाची लहानात लहान कुपी शंभर मात्रांची, माझ्याकडं पक्षी तेरा. कुपी फोडून पातळ केली की दोन तासांत संपवायची, उरलेली उद्या चालत नाही. मी आदल्या दिवशी आक्कांकडं गेले. ज्यांना भीती होती त्यांच्याकडंच आधी जायचं ठरवलं होतं. त्यांनी संध्याकाळी गल्लीभर निरोप फिरवला की उद्या कोणी कोंबड्या सोडू नका, डालग्याखालीच ठेवा.

१ मार्च, शनिवार, सकाळी सहा. लस धुळ्याहून थर्मासमध्ये बर्फात आणलेली. पशुधन पर्यवेक्षक आले आणि आम्ही घरोघर फिरलो. एकानं पंख धरायचे, दुसऱ्यानं डोळ्यात एक थेंब सोडायचा, कोंबडीनं पापणी मिटून उघडली की झालं. थेंब गालावरून ओघळला तर पुन्हा. सव्वासातला सत्याऐंशी कोंबड्या झाल्या होत्या. प्रत्येक घरामागं पाच रुपये जमले, त्यात लस, बर्फ, चहा सगळं भागलं. उन्हं चढायच्या आत उरकणं महत्त्वाचं. त्या दिवसापासून पहाटे चारच्या बांगेबद्दल मला कोणी बोललेलं नाही.

खाण्याचं म्हणाल तर झुंजीच्या कोंबड्यांना बदाम, उकडलेली अंडी असलं बरंच चारतात. मी ज्वारी, बाजरी, मक्याचा भरडा, थोडी शेंगदाण्याची पेंड आणि मेथीचा पाला यावर आणलं. आठ दिवस त्यांनी नाक मुरडलं, मग खाऊ लागले. अंड्यांवरच्या कोंबड्यांचं चुन्याचं खाद्य नरांना देऊ नका, जास्तीच्या कॅल्शियमनं त्यांचे मूत्रपिंड बिघडतात. मी शिंपल्यांचा भरडा वेगळ्या वाटीत ठेवते, ज्या कोंबडीला लागतो ती येऊन खाते. आणि आपल्याकडं घरोघरी म्हशीसाठी सरकी पेंड असते. ती कोंबड्यांना घालू नये. सरकीतल्या गॉसिपॉलमुळं अंड्याचा बलक हिरवट पडतो आणि अंडी कमी होतात. मला हे माहीत नव्हतं. दोन वर्षं मी मूठभर घालत होते.

आता ज्याची सगळ्यात जास्त विचारणा होते ते. झुंजीचा कोंबडा सुधारतो का?

असील रक्तातच तापट असतो, हे खरं आहे. पण आठ नंबर आला तेव्हा स्टीलच्या घमेल्यात स्वतःचं प्रतिबिंब पाहून त्यावर झेप घ्यायचा, चोच रक्ताळेपर्यंत. हे मला रक्तापेक्षा भीतीचं वाटलं. त्यानं आयुष्यात दुसरा कोंबडा पाहिला तो फक्त मारायला आलेला. म्हणून स्टीलची भांडी काढून मातीच्या परळ ठेवल्या, आणि रोज दाण्याच्या वेळी मधलं गोणपाट चार बोटं वर घ्यायला लागले. दोन जाळ्यांमध्ये फूटभर अंतर. दोघांना एकाच वेळी दाणे, म्हणजे समोरचा दिसतो तेव्हा खायला मिळतं. गोणपाट पूर्ण वर जायला तीन आठवडे लागले.

मग आधी माद्यांबरोबर सोडलं, दुसऱ्या नराबरोबर नाही. माझी सगळ्यात जुनी कोंबडी पाच आणि सात या दोघांनाही तिसऱ्या दिवशी चोचीनं मागं सारत होती आणि ते सरत होते. त्यानंतर संध्याकाळी, दांडीवर चढायच्या आधी पाच मिनिटं, मोकळ्या परसात दोघं एकत्र. हातात सूप घेऊन मी उभी. मानेची पिसं फुलली की सूप मध्ये धरायचं, ओरडायचं नाही. पाच मिनिटांची दहा झाली, दहाचा तास.

२८ मार्चला माझी चूक झाली. आठच्या कप्प्याची कडी मी नीट लावली नाही. दळण आणून परतले तेव्हा आठ आणि नऊ धुळीत एकमेकांत अडकलेले होते. चादर टाकून वेगळे केले. हात ओरबाडले गेले, नऊच्या तुऱ्याला पुन्हा टाके पडले. एवढे दिवस केलेलं सगळं मी एका कडीनं घालवलं असं वाटलं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा पहिल्यापासून करा, त्याला घाई नाही. आता प्रत्येक दाराला दोन कड्या आहेत. पाच आणि सात एकत्र राहतात. आठ त्यांच्यात दिवसा असतो, रात्री वेगळा. नऊ कोणाही कोंबड्याजवळ राहू शकत नाही. तो दोन माद्यांसह गोठ्याकडं राहतो, आणि मी आता त्याला बदलायचा प्रयत्न सोडला आहे.

मग ऊन आलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ३० एप्रिलला, लेक माहेरी आली तेव्हा दुपारी पारा ४३ च्या वर होता. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या पुढं, ती मुख्यतः चोच उघडून धापा टाकून उष्णता बाहेर टाकते. एरवी पाव लिटर पिणारा कोंबडा उन्हाळ्यात अर्धा लिटर पितो. सावलीत चार ठिकाणी परळ ठेवल्या, गोणपाटावर दिवसातून तीनदा पाणी मारलं. दाणे पहाटे आणि सूर्य कलल्यावरच घातले, कारण भर दुपारी खाल्लं तर पचनाची उष्णता वर चढते. ११ मे रोजी गिरिराज कोंबडी कोलमडली. बर्फाचं पाणी नाही, साध्या पाण्यात तिचे पाय आणि पोटाखालचा भाग दहा मिनिटं बुडवला, वारा घातला. संध्याकाळी उठली. लेक तिला मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती, आखाजीला बांधलेला झोका रिकामाच राहिला.

खटला चालू आहे. १६ जूनला तारीख होती, साक्षीदार आले नाहीत, पुढची जुलैत मिळाली. ज्यानं मालकी सांगितली होती तो पुन्हा दिसला नाही.

परवा रात्री पहिला पाऊस पडला. सकाळी चौथा अहवाल लिहायला बसले. पायावरचे सुतळीचे वळ आता जवळून पाहिल्याशिवाय दिसत नाहीत. फोटो काढायला गेले तर सात सापडेना. कडुनिंबाखाली, जिथली माती कोरडी राहिली होती तिथं, खड्डा करून पंख पसरून धुळीत लोळत होता, डोळे मिटून. पाच त्याच्याच खड्ड्याच्या कडेला. मी फोटो तसाच काढला आणि खाली लिहिलं: मुद्देमाल क्रमांक सात, वजन ३ किलो ४०० ग्रॅम, जखम पूर्ण भरलेली, प्रकृती ठीक.